आगरकर आणि नाटकाची तालीम

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या आटपाडी तालुक्यात टेंभू हे नाव लहान मुलालाही ठाऊक असते. टेंभूचे पाणी कधी सुटणार, टेंभूचे पाणी यंदा आपल्या ओढ्यापर्यंत येणार की नाही, हेच आमच्या पारावरचे बोलणे. कृष्णेचे पाणी टेंभूपाशी उचलतात आणि टप्प्याटप्प्याने वर चढवून कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या माळांवर आणतात. म्हणून बारावीपर्यंत मी टेंभू म्हणजे पाणी एवढेच समजत होते. टेंभू हे कराडजवळचे कृष्णाकाठचे एक लहान गाव आहे आणि १४ जुलै १८५६ रोजी त्या गावी गोपाळ गणेश आगरकर जन्मले, हे शाळेच्या पुस्तकात कुठेतरी वाचले असणार. पण ते परीक्षेपुरते वाचले आणि परीक्षेबरोबर विसरले.

पुण्यात आल्यावर मात्र आगरकर रोज भेटू लागले. माझ्या वसतिगृहापासून कॉलेजपर्यंतच्या वाटेचा एक मोठा तुकडा आगरकर रस्त्याने जातो. या रस्त्याने आम्ही पाचजणी बोलत, हसत, परीक्षेच्या दिवसांत पाठांतर करीत जातो. पण हा रस्ता ज्यांच्या नावाचा, ते गृहस्थ कोण, असे कधी मनात आले नाही. मोठ्या माणसांचे असेच होते. त्यांचे रस्ते होतात, आणि रस्त्यावर आपण फक्त चालतो.

आगरकरांची आणि माझी खरी ओळख झाली ती नाटकामुळे. समाजसुधारक आगरकर आणि नाटक यांचा संबंध काय, असे कुणीही विचारील. मीही विचारले होते. ते कसे झाले ते आधी सांगते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या कॉलेजची पुरुषोत्तम करंडकाची तालीम चालू होती. तालीम हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा मला हसू आले. आमच्याकडे तालीम म्हणजे लाल माती, हनुमानाची तसबीर आणि लंगोट लावलेली पोरे. इथे रात्री नऊपर्यंत वर्गातली बाके बाजूला सारून मुलेमुली एकेक वाक्य पन्नास वेळा बोलत होती. माझ्याकडे सामानाचे काम होते. कंदील, घोंगडी, पितळी तांब्या वेळेवर ठेवायचा आणि उचलायचा. एके दिवशी एक मुलगी आजारी पडली आणि तिची वाक्ये मला पाठ असल्यामुळे मला उभे केले. चारच वाक्ये होती. त्यात पाणी हा शब्द दोनदा होता. मी दोन्ही वेळा पानी म्हटले. तिसऱ्यांदा सावध होऊन म्हणायला गेले आणि पुढच्या साध्या शब्दातल्या न चा ण केला. खोली हसली. तालीम घेणारे म्हणाले की मुलीचा आवाज चांगला आहे, पण जीभ शेतात राहिली आहे. ते वाईट हेतूने म्हणाले नसतील. पण त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या पाण्यासाठी आमच्या गावाने दोन पिढ्या वाट पाहिली, ते मला नीट म्हणताही येऊ नये?

दुसऱ्या दिवशी मी मराठीच्या बाईंकडे गेले आणि नाटक सोडते म्हणून सांगितले. बाईंनी समजूत वगैरे काही घातली नाही. ग्रंथालयातून एक जुनी, कापडी बांधणीची प्रत काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. रोज दोन पाने मोठ्याने वाच, एवढेच सांगितले. पुस्तकाचे नाव होते 'विकारविलसित' आणि कर्त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर. शेक्सपीअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचे ते मराठी भाषांतर, १८८३ साली प्रसिद्ध झालेले. मी वाचू लागले. भाषा अवघड, वाक्ये लांब, पण मोठ्याने म्हटली की ती तोंडात बसू लागत. मग ज्यांनी ती लिहिली त्यांच्याविषयी वाचावे असे वाटले. जे वाचले, त्यातले मला जवळचे वाटले ते येथे सांगते.

आगरकरांच्या घरची गरिबी पुस्तकी नव्हती. आईचे नाव सरस्वतीबाई. टेंभूत शिकण्याची सोय नाही म्हणून मुलगा कराडला आजोळी आला. तेथील शिक्षण संपले आणि पुढे काय हा प्रश्न उभा राहिला. कधी मामलेदार कचेरीत उमेदवारी केली, कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. इंग्रजी शिकायचे म्हणून हा मुलगा कराडहून रत्नागिरीला चालत गेला. मध्ये सह्याद्रीचा घाट आहे हे लक्षात घ्यावे. तेथे सोय लागली नाही, म्हणून परत आला. शेवटी वऱ्हाडात अकोल्याला नातेवाइकांच्या आधाराने राहून १८७५ साली मॅट्रिक झाला. अकोल्याच्या शाळेत त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक लाभले. महाजनींनीच पुढे शेक्सपीअरच्या 'सिंबेलाइन'वरून 'तारा' हे मराठी नाटक रचले. शिक्षक कोणता मिळतो यावर विद्यार्थ्याचे पुढचे किती अवलंबून असते! शेक्सपीअर मराठीत आणता येतो, ही गोष्ट या मुलाने अशा शिक्षकाजवळ पाहिली.

मॅट्रिकनंतर पुण्यास डेक्कन कॉलेज. अंगात एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. मला ती ऐकताना नेहमी एक अडचण वाटे. अशा गोष्टी सांगणारे बहुधा गरिबी म्हणजे काहीतरी शोभेची वस्तू असल्यासारखे सांगतात. ज्याने एकच सदरा वापरला आहे त्याला त्यात शोभा वाटत नाही. पावसाळ्यात तो सकाळपर्यंत वाळत नाही, एवढेच आठवते. मी वसतिगृहातल्या पहिल्या पावसाळ्यात ओला कुडता घालून तासाला बसले आहे, म्हणून म्हणते.

त्यापेक्षा मला दुसरी एक हकीकत फार आवडली. आगरकरांच्या चरित्रात ती येते. परीक्षेची फी भरायला पैसे नव्हते. तेव्हा या विद्यार्थ्याने ठरवले की एक नाटक लिहावे, ते एखाद्या नाटक मंडळीला विकावे आणि त्या पैशातून फी भरावी. तो लिहायला बसलाही. ही गोष्ट कॉलेजातले गणिताचे प्रसिद्ध प्राध्यापक केरूनाना छत्रे यांच्या कानावर गेली. त्यांनी पदरचे पैसे देऊन फीची अडचण दूर केली, आणि ते नाटक राहून गेले.

ही हकीकत वाचून मी बराच वेळ विचार करीत होते. आज आमच्या घरी नाटक म्हणजे शिक्षण बुडवणारी गोष्ट. आणि इथे एक गरीब विद्यार्थी शिक्षण बुडू नये म्हणून नाटक लिहायला बसला होता! छत्र्यांचे उपकार मोठेच. त्यांच्यामुळे महाराष्ट्राला आगरकर मिळाले. पण ते नाटक पुरे झाले असते तर कसे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१८७८ साली आगरकर बी.ए. झाले आणि पुढे इतिहास व तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले. त्या काळी एम.ए. झालेल्या मनुष्याला सरकारी नोकरी दारात उभी असे. घरच्यांनी वर्षानुवर्षे जी वाट पाहिली ती यासाठीच. याच सुमारास डेक्कन कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री झाली. सरकारी चाकरी करायची नाही, देशाच्या शिक्षणाला आयुष्य द्यायचे, असे दोघांनी ठरवले. आणि आगरकरांनी आईला ते प्रसिद्ध पत्र लिहिले. मुलाच्या मोठ्या परीक्षा झाल्या, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल असे मनोरथ करू नकोस. पोटापुरते मिळवून राहिलेला वेळ परहिताकडे लावणार आहे, असा त्या पत्राचा आशय.

हे पत्र व्याख्यानांत सांगतात तेव्हा टाळ्या पडतात. मी ते वाचले तेव्हा मला मात्र लिहिणाऱ्याआधी त्या आईच दिसल्या. कराडच्या घरी कुणीतरी ते पत्र वाचून दाखवीत आहे आणि त्या ऐकत आहेत. मुलगा घाट तुडवून गेला, अर्धपोटी राहिला, वऱ्हाडापर्यंत गेला, आणि आता सुखाचे चार घास दिसू लागले तर हे पत्र. त्याग मुलाने केला असे आपण म्हणतो. पण अर्धा त्याग त्या माऊलीच्या नावावर लिहायला हवा, आणि तिला तर कुणी विचारलेही नव्हते. आगरकरांविषयी आदर बाळगूनच मी हे लिहीत आहे. ज्या घरातून पहिलेच मूल कॉलेजात जाते त्या घराला हे लगेच कळेल.

२ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम.ए. होताच आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. 'केसरी'चे संपादक झाले आगरकर. वर्ष होते न होते तोच कोल्हापूरचे प्रकरण उभे राहिले. तेथील महाराजांच्या छळाविषयी या पत्रांतून आले, आणि संस्थानचे कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. या खटल्याच्या मदतीसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील विद्यार्थ्यांनी शेक्सपीअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'च्या मराठी रूपाचा प्रयोग केला आणि त्यात एका विद्यार्थ्याने स्त्रीची भूमिका केली. त्या विद्यार्थ्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले! कॉलेजातले नाटक म्हणजे वेळ घालवणे, असे म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरे आहे.

१८८२ च्या जुलैत टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात दोघे एकाच कोठडीत होते. १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, ते सुटले. या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली. त्यात कोंदट कोठडी आहे, तुरुंगातले अन्न आहे, आणि दोघांचे रात्री रंगणारे वादही आहेत. याच तुरुंगात आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणले.

'हॅम्लेट'च का? माझी अल्प बुद्धी असे सांगते की त्या नाटकातला नायकही विद्यार्थी आहे. विद्यापीठातून तो घरी येतो. बाप मेलेला, चुलत्याने गादी घेतलेली, आईने त्याच चुलत्याशी लग्न केलेले. जे शिकला त्याने त्याला विचार करायला शिकवले, आणि घरात विचाराला जागा नाही. नव्या शिक्षणातून बाहेर पडलेल्या त्या पहिल्या पिढ्यांतील तरुणांना हा राजपुत्र ओळखीचा वाटला असेल. आगरकरांनी त्याचे नाव चंद्रसेन ठेवले. त्याला मराठी वस्त्रे दिली, पण त्याचे दुःख बदलले नाही.

त्या वेळची रंगभूमी कशी होती हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १८४३ साली आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, सांगलीला, विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि मराठी नाटक उभे राहिले. त्या नाटकांत सूत्रधार गाई आणि देव-राक्षस आपली भाषणे आयत्या वेळी बोलत. पुढे इंग्रजी शिकलेल्यांनी लिहून, छापून नाटके आणली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे १८६१ चे नाटक त्यातलेच. लोक त्यांना बुकिश नाटके म्हणत. १८८० च्या दिवाळीच्या सुमारास, ३१ ऑक्टोबरला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' झाले आणि सारा महाराष्ट्र गाण्यांत न्हाऊन निघाला. अशा वेळी गाण्याचा आधार नसलेले, नुसत्या बोलण्यावर आणि अभिनयावर उभे राहणारे 'विकारविलसित' करणार कोण?

ते केले शाहूनगरवासी नाटक मंडळीने. शाहूनगर म्हणजे सातारा. ही मंडळी १८८१ साली निघाली. तिचे मुख्य नट गणपतराव जोशी. त्यांचा जन्म १८६७ चा, म्हणजे मंडळी निघाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. शाळेचे शिक्षण अगदी बेताचे. शेक्सपीअर मुळातून वाचणे त्यांना शक्यच नव्हते. आणि तरी पुढे चंद्रसेनाच्या भूमिकेने त्यांचे नाव असे झाले की इंग्लंडच्या गॅरिक नावाच्या थोर नटाशी लोक त्यांची तुलना करू लागले. १९२२ साली ते वारले तोवर या भूमिकेची कीर्ती त्यांच्याबरोबर होती.

गणपतरावांना ही भूमिका शिकवली कुणी? स्वतः आगरकरांनी! नाटक लिहून, छापून ते थांबले नाहीत. एम.ए. झालेला हा विद्वान, शाळेत शिकवणारा, पत्र चालवणारा, दम्याने जर्जर झालेला, त्या कोवळ्या नटाला तालीम द्यायला बसला. नाटकवाल्यांना प्रतिष्ठित माणसे दारात उभे करीत नसत असा तो काळ. एका बाजूला युनिव्हर्सिटीची सर्वांत मोठी पदवी आणि दुसऱ्या बाजूला शाळा अर्धी सुटलेला मुलगा. मी तो प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहते. जगावे की मरावे या विचारात पडलेल्या राजपुत्राचे ते लांब भाषण. त्यातले प्रत्येक वाक्य का आले, आधीच्या वाक्यापासून ते कसे निघाले, हे समजल्याशिवाय ते नुसते पाठ करून काय होणार? अर्थ समजला तर आवाज आपोआप आपली जागा शोधतो. आगरकरांजवळ अर्थ होता, गणपतरावांजवळ आवाज आणि देह होता. दोघांपैकी एकट्याकडून चंद्रसेन झाला नसता.

मला यातून जे समजले ते असे. आपण समजतो की शिकलेल्याने शिकवायचे आणि न शिकलेल्याने ऐकायचे. नाटकाच्या तालमीत तसे चालत नाही. गणपतरावांना मूळ इंग्रजी येत नव्हते, पण चंद्रसेन रंगभूमीवर चालला, रडला, वेड्यासारखा हसला तो त्यांच्या अंगातून. ते आगरकरांना करता आले नसते. विद्वानाला नटाकडून काही घ्यावे लागले असणारच. असे शिक्षण वर्गात फार थोडे मिळते.

आगरकर एकटे नव्हते. फर्ग्युसन कॉलेजातले त्यांचे सहकारी प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर हे याच मंडळीला शिकवीत. शेक्सपीअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'वरून त्यांनी 'त्राटिका' नाटक लिहिले. त्यात गणपतराव आणि स्त्रीभूमिका करणारे बाळाभाऊ जोग यांची जोडी फार गाजली. म्हणजे पुण्यात विद्यापीठ निघण्याच्या साठ-सत्तर वर्षे आधी कॉलेजचे प्राध्यापक नटांना अभिनय शिकवीत होते. त्याला अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. पण ते नाट्यशिक्षणच होते.

आगरकरांचे पुढचे आयुष्य सर्वांना माहीत आहे, म्हणून मी ते भरभर सांगते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेथे ते शिकवू लागले. सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी मतभेद वाढले. १८८७ साली 'केसरी' सोडला, १८८८ साली 'सुधारक' काढला. बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद, कशावरही त्यांनी आपली लेखणी आवरली नाही. सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी दम्याने वारले. वय चाळीसही झाले नव्हते. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनी पुडी बांधून उशाशी ठेवले होते असे सांगतात.

एक गोष्ट मात्र भरभर सांगून चालणार नाही. मुलगे आणि मुली यांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र बसवून द्यावे, असे आगरकरांनी त्या काळात लिहिले. शाहूनगरवासीत स्त्रीचे काम पुरुष करीत होते, दुसरा उपायच नव्हता. आज मी मुलांबरोबर एकाच वर्गात बसते आणि रात्री नऊपर्यंत तालमीला थांबू शकते, ते कुणीतरी दगड खाल्ले म्हणून. त्या रस्त्याला त्यांचे नाव उगाच दिलेले नाही.

आता नाट्यशिक्षणाचे दिवस पालटले आहेत. दिल्लीला १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र स्थापन झाले. संगीत, नृत्य आणि नाटक हे विषय तेथे गुरुकुल पद्धतीने शिकवतात आणि त्यांची विद्यापीठाची पदवी मिळते. म्हणजे पूर्वी जे कुणा प्राध्यापकाच्या आवडीवर अवलंबून होते ते आता विद्यापीठाच्या दारातून रीतसर मिळते. बी.ए. झाल्यावर तेथे नाटकाच्या एम.ए.ला जावे अशी माझी इच्छा आहे. हे मी या अंकात प्रथमच उघडपणे लिहीत आहे. आप्पा परराज्यात सोन्याचांदीच्या गलाईच्या दुकानात कामाला आहेत. भट्टीपुढे उभे राहून त्यांच्या डोळ्यांची आग होते. मी शिक्षिका व्हावे, नाहीतर स्पर्धा परीक्षा द्यावी, असे त्यांच्या मनात आहे, आणि ते चुकीचे आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? आगरकरांच्या पत्राची नक्कल करून पाठवून देणे सोपे आहे. पण मी आगरकर नाही, आणि त्या पत्राचे ऐकणाऱ्यावर काय होत असेल ते मी वर लिहिलेच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा मी आईला थोडेसे सांगितले. आई दिवसा डाळिंबाच्या बागेत कामाला जाते. रात्री भांडी घासता घासता तिने विचारले की मी रात्रीची कुठली तालीम करते, पोरींची कुस्ती असते का? मी हसून सांगितले की तशी नव्हे, बोलण्याची तालीम. मग पिशवीतून 'विकारविलसित' काढून त्यातला चंद्रसेन आपल्या आईला दूषणे देतो तो प्रवेश तिला वाचून दाखवला. आधी गोष्ट सांगितली. मला वाटले होते तिला चंद्रसेनाची दया येईल. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली की पोरगा परगावी शिकायला, नवरा मेलेला, एवढा वाडा. त्या बाईने जायचे कुठे होते? पोराने आल्याबरोबर बोलायला सुरुवात केली, तिला एकदा तरी विचारले का?

मी गप्प झाले. विधवांच्या बाजूने आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाने हे नाटक मराठीत आणले, ज्यात मुलगा आईच्या दुसऱ्या लग्नावरून तिला बोलतो! यात विसंगती नाही का, असा प्रश्न मला वाचताना पडला नव्हता. तो अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईला पडला. मग वाटले, नाटकाचे हेच तर बळ आहे. निबंधात लिहिणाऱ्याला एकच बाजू लढवावी लागते. नाटकात राणीलाही तोंड असते, आणि समोर बसलेली एखादी बाई तिची बाजू घेऊ शकते. सुधारक आगरकरांना निबंधाखेरीज नाटकही का हवेसे वाटले असेल, याचे उत्तर मला त्या रात्री आमच्या चुलीपुढे मिळाले.

आईने पुढे विचारले की हे शिकून माणूस काय होतो. मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. तिने तो प्रश्न दोनदा विचारला नाही. थोड्या वेळाने मात्र, मी पुस्तक ठेवायला लागले तेव्हा, तिने त्या बाईचे पुढे काय झाले ते वाच म्हणून सांगितले. मी वाचू लागले. मध्येच एका ठिकाणी पाणी हा शब्द माझ्या तोंडी आला, आणि मी तो नीट म्हटला की गावच्यासारखा, हे माझ्या लक्षातच राहिले नाही. बाहेर कॅनॉलला टेंभूचे पाणी आले होते. त्या आवाजाच्या वर माझा आवाज जावा म्हणून मला मोठ्याने वाचावे लागत होते.